मधमाश्या दिसत नाहीत, वेलींना फळ धरत नाही : हाताने परागीभवन कोणी करतं का? (इंदूर)

केतकी_राजेंद्रनगर

नमस्कार मंडळी. इंदूरला राजेंद्रनगरमध्ये आमचं दुमजली घर आहे. गच्चीवर ग्रोबॅगा आणि मागे थोडी जमीन. फेब्रुवारीत दुधी, गिलकी (आपलं घोसाळं), काकडी आणि लाल भोपळा लावला. टोमॅटो-वांगी हिवाळ्यापासून आहेतच. वेल मांडवावर छान चढलेत, फुलंही भरपूर. पण दुधी बोटाएवढी होते, पिवळी पडते आणि गळते. लाल भोपळ्याचं तेच. टोमॅटोची तर फुलंच देठातून गळून राहिलीत.

मागच्या वर्षापर्यंत जवळच्या पाण्याच्या टाकीला मोठं आग्या मोहोळ असायचं. कोणाला तरी माश्या चावल्या आणि ते काढलं गेलं. तेव्हापासून बागेत माशी क्वचितच दिसते. ब्रशने परागीभवन करतात असं ऐकलंय. कोणी नियमित करत असेल तर नीट सांगा, व्हिडिओ बघून माझा गोंधळच वाढलाय.

स्पष्टच_बोलतो

आधी हे सांगा, फवारता काय? माश्या नाहीत म्हणून गळा काढायचा आणि पंधरवड्याला इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक मारायचं, हा आपल्याकडे घरोघरचा कार्यक्रम आहे.

केतकी_राजेंद्रनगर

रासायनिक काही नाही. माव्यासाठी नीमतेल, तेही सकाळी लवकर.

स्पष्टच_बोलतो

म्हणजे ज्या चार माश्या येतात त्यांच्या जेवणाच्या वेळेलाच. संध्याकाळी मारत जा.

माळव्याची_काळी_माती

केतकीताई, माश्या मोजायच्या आधी घड्याळ बघा. तुमच्या यादीतली सगळी फुलं एका वेळेला उमलत नाहीत, आणि निम्मा घोळ तिथेच असतो.

लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि नऊ-दहापर्यंत मिटायला लागतं. या दिवसांत इंदूरचा पारा चाळिशीला टेकला की त्याहूनही लवकर. गिलकी आणि कारलंही पहाटेचंच, काकडी सकाळची. दुधीचं पांढरं फूल मात्र संध्याकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मलूल होतं. दोडकाही (इकडची तोरई) पाच-सहानंतरच उघडतो. गिलकी आणि दोडका एकाच कुळातले, फूल दोघांचं पिवळं, वेल शेजारी ठेवले तर नवख्याला फरक कळत नाही, पण एक पहाटेची आणि दुसरा तिन्हीसांजेचा. बरेचसे लोक सकाळी चहा झाल्यावर ब्रश घेऊन सगळ्या वेलींवरून एक फेरी मारतात. त्यात काकडी साधते, भोपळा जेमतेम, आणि दुधी-दोडक्याची वेळ आदल्या रात्रीच होऊन गेलेली असते.

आता कृती. मादी फुलाच्या पाठीमागे त्या त्या फळाची चिमुकली प्रतिकृती असते, नर फुलाचा देठ सरळ आणि सडपातळ. लाल भोपळा आणि दुधीसाठी ब्रश लागतच नाही. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका, मधला पिवळा दांडा उघडा करा. बोटाला टेकवून बघा, पिवळी भुकटी लागली पाहिजे. तो दांडा मादी फुलाच्या मधल्या कुक्षीवर (पराग चिकटतात तो भाग) हलक्या हाताने फिरवा. भोपळ्याची कुक्षी तीन भागांत फुगलेली असते. तिन्ही भागांना पराग लागले पाहिजेत. एकाच अंगाला लागले तर त्याच अंगाच्या बिया भरतात आणि फळ वाकडं वाढतं. शेंड्याकडे बारीक राहिलेली काकडी बहुधा याच कारणाने तशी झालेली असते. नर फुलं मुबलक असतील तर भोपळ्याच्या एका मादी फुलाला दोन-तीन नर फुलं लावा, वाया काही जात नाही.

काकडी आणि कारल्याची फुलं लहान. तिथे रंगकामाचा बारीक ब्रश घ्या, पूर्ण कोरडा. एका वेलीवरचा ब्रश दुसऱ्या जातीच्या वेलीला नेण्याआधी झटका, नाहीतर काकडीच्या कुक्षीवर कारल्याचे पराग चोपडले जातील आणि फळ कशाचंच धरणार नाही.

धरलं की नाही ते तीन-चार दिवसांत कळतं. धरलेल्या फळाचा देठ जाडावतो, फळ तुकतुकीत हिरवं राहून खाली मान टाकतं. न धरलेलं टोकाकडून पिवळं पडत सुरकुततं.

आणि हो, सुरुवातीच्या दिवसांत वेलीला नुसती नर फुलं येतात. त्याला काही करू नका, मादी मागून येते.

केतकी_राजेंद्रनगर

बापरे, दुधी संध्याकाळची हे माहीतच नव्हतं! आई तर दुधीच्या वेलीकडे नेहमी सकाळीच बघायची. काका, खूप आभार. आजच संध्याकाळी करून बघते.

निशाचर

दुधीच्या बाबतीत मधमाशीला विनाकारण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. ते फूल पांढरं असतं आणि अंधार पडताना उघडतं ते रात्रीच्या पतंगांसाठी. इंदूरच्या कॉलन्यांमध्ये हॉकमॉथ आजही येतात. जाडजूड अंग, लांब सोंड, फुलासमोर हवेत तरंगत मध पितात. दिवेलागणीनंतर दुधीच्या मांडवाखाली शांत उभं राहा, दिसतील.

दिसले नाहीत तर गच्चीवरचा दिवा बघा. हल्ली लोक पांढराफेक एलईडी रात्रभर चालू ठेवतात. पतंग त्या दिव्याभोवतीच घिरट्या घालत राहतात आणि फुलांपर्यंत पोहोचत नाहीत. फुलं उमलतात त्या तासा-दोन तासांत दिवा बंद ठेवता आला तर ठेवा.

@स्पष्टच_बोलतो, संध्याकाळी फवारा हा सल्ला दुधी-दोडका सोडून. त्यांच्या वेलीवर मारायचंच असेल तर पानांच्या मागच्या बाजूला, फुलं टाळून.

अवांतर : रात्रीच्या कारभाराचं मोठं उदाहरण आपल्या शेजारी मांडूला आहे. तिथली खुरासानी चिंच, म्हणजे बाओबाब. त्याची मोठी पांढरी फुलं संध्याकाळी उघडतात आणि वटवाघळं परागीभवन करतात. पुढच्या वेळी पावसाळ्यात मांडूला गेलात तर जहाज महालाबरोबर तेही बघा.

स्पष्टच_बोलतो

मान्य. दुधीपुरतं मागे घेतो. इमिडाक्लोप्रिडबद्दलचं घेत नाही.

बडोद्याची_मुग्धा

टोमॅटोबद्दल कोणी बोललंच नाही अजून, म्हणून मी लिहिते. मी बडोद्याला, अलकापुरीत, तिसऱ्या मजल्यावर बाल्कनीत करते.

टोमॅटो-वांग्याला नर-मादी वेगळं नसतं, एकाच फुलात दोन्ही असतात. पण पराग परागकोशांच्या नळीत आत कोंडलेले असतात आणि फूल हलल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. मिठाची डबी उपडी धरून हलवावी लागते तसं. त्यामुळे ब्रश फिरवून फार काही होत नाही, फूल थरथरलं पाहिजे. मी बॅटरीवर चालणारा टूथब्रश चालू करून त्याची पाठ फुलांच्या घोसाच्या देठाला टेकवते. एक-दोन सेकंद पुरतात, कधीकधी पिवळी धूळ उडताना दिसते. ऊन वर आलेलं असावं, दहा-अकराच्या सुमारास. सकाळच्या दमट हवेत पराग चिकटून बसतात. टूथब्रश नसेल तर झाडाला बांधलेल्या काठीला टिचक्या मारा, तेवढ्यानेही काम होतं.

मधमाशीला हे थरथरवणं जमतच नाही. ते काम भुंग्याचं, तो काळा मोठा गुंजारव करणारा, आणि निळ्या पट्ट्यांच्या एका जंगली माशीचं. ही फुलाला धरून अंग थरथरवते आणि पराग अंगावर पाडून घेते. म्हणून आग्या मोहोळ गेल्याने केतकीचे टोमॅटो गळतायत असं मला वाटत नाही.

माळव्याची_काळी_माती

मुग्धाताईंशी सहमत. टोमॅटोला एप्रिलमध्ये ऊन मारतं. दिवसाचं तापमान पस्तिशीच्या वर आणि रात्रीचं बावीस-चोवीसच्या वर राहायला लागलं की पराग निकामी होतात, मग टूथब्रश लावा नाहीतर ढोल वाजवा. शब-ए-मालवाचं कौतुक आपण करतो ते खरंच आहे, माळव्यातल्या रात्री थंड असतात, म्हणून तर इथला टोमॅटो मार्चअखेरपर्यंत टिकतो. पण आताची रात्र ती राहिलेली नाही. झाडाला दुपारची सावली द्या, मुळाशी पालापाचोळा घाला आणि गळणाऱ्या फुलांचं दुःख करू नका.

वांग्याची एक गंमत. वांग्याला लांब, मध्यम आणि आखूड स्त्रीकेसराची फुलं येतात. ज्या फुलात स्त्रीकेसर परागकोशांच्या आतच बुडालेला असतो त्याला बहुतेक फळ धरतच नाही. ते फूल गळणारच. स्त्रीकेसर बाहेर डोकावतोय त्या फुलांवर मेहनत करा. मिरची, भेंडी, चवळी, वाल, गवार यांना हात लावायची गरज नाही, स्वतःचं स्वतः निभावतात. वाल-चवळीचं तर फूल उमलायच्या आतच काम झालेलं असतं.

फणसपोळी

इथे मंडळी पहाटे भोपळ्याला, दहाला टोमॅटोला आणि दिवेलागणीला दुधीला. नोकरी कधी करायची? 😀

केतकी_राजेंद्रनगर

सासूबाईंनीही हेच विचारलं. आता पहाटेची पाळी त्यांनीच घेतलीय.

स्पष्टच_बोलतो

आणखी एक मुद्दा, तो कोणीच काढला नाही. माझ्या साडूने माकडांच्या त्रासाने गच्चीला चारही बाजूंनी आणि वरून हिरवी नेट बांधली. मग माश्या येत नाहीत म्हणून तक्रार. येतील कुठून? सावलीसाठी नेट वर असावी, बाजू मोकळ्या. सगळं बंद करायचंच असेल तर हाताने परागीभवनाला पर्याय नाही, किंवा पॉलीहाऊसवाल्यांची बिनबियांची काकडी लावा. त्या जातींना परागीभवनाशिवाय फळ धरतं.

रामबागच्या_आजी

माझ्या नातवाने हा धागा वाचून दाखवला. आमच्या रामबागेत जुन्या घराच्या मागे आड होता, त्याच्या कडेला दुधी असायची. तेव्हा कोणी ब्रश फिरवला नाही, पण फुलांना दोरा मात्र बांधायचो. बियाण्यासाठी.

ज्या फळाचं बी धरायचं ते ठरवून घ्यावं. भोपळ्याची उद्या उमलणारी नर आणि मादी कळी आज संध्याकाळी ओळखू येते. टोक पिवळं होऊन सुटायला आलेलं असतं. दोन्हींच्या टोकाला सुती दोरा सैलसर बांधावा. पहाटे सोडून नर मादीला लावावं, मादी फूल पुन्हा बांधावं आणि देठाला रंगीत चिंधी, म्हणजे पुढे चुकून भाजीत जात नाही. दुधीचं असेल तर हेच, फक्त दुपारी बांधून संध्याकाळी सोडायचं.

शेजारीण म्हणते, दुधीजवळ कडू भोपळा उगवला म्हणून यंदाची दुधी कडू झाली. खरं का?

माळव्याची_काळी_माती

आजी, नमस्कार. यंदाची नाही, पुढच्या वर्षीची. फळाचा गर आईच्या वेलीचा असतो, पराग कोणाचेही लागोत. बी मात्र दोघांचं. त्या कडू भोपळ्याचे (तो म्हणजे कडू दुधीच) पराग लागलेल्या दुधीचं बी पुढच्या हंगामात लावलं तर त्या वेलीवर कडू फळ येऊ शकतं. म्हणूनच तुमचा दोरा महत्त्वाचा. दुधी आणि लाल भोपळा किंवा दुधी आणि काकडी यांचा संकर मात्र होत नाही, ते शेजारी खुशाल लावा.

यंदाच काकडी कडू लागत असेल तर पाण्याची ओढाताण आणि ऊन हे कारण बघा. दुधीच्या बाबतीत मात्र कारण शोधत बसू नका. चिरताना एक तुकडा जिभेला लावून बघायची आपल्या घरांतली पद्धत सोडू नका, आणि कडू लागली तर थुंकून सगळी दुधी फेकून द्या. कडवटपणा ज्याने येतो ती कुकुरबिटॅसिन नावाची द्रव्यं विषारी असतात. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीचा यावरचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही कडू रस पिऊ नये असंच स्पष्ट सांगितलंय. सकाळी फिरायला जाऊन आल्यावर दुधीचा रस घेणारे इंदुरात खूप आहेत, त्यांनी हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहिलं.

लष्करचा_ग्वाल्हेरकर

आमच्याकडे मुरैना-भिंडच्या बाजूला सरसों फुलते तेव्हा शेतांच्या बांधावर मधमाश्यांच्या पेट्यांच्या रांगा लागतात. इटालियन माशी. तशी एक पेटी केतकीताईंनी गच्चीवर ठेवली तर?

माळव्याची_काळी_माती

नको. त्या पेट्या सरसोंच्या फुलोऱ्यापुरत्या तिथे असतात, फुलोरा संपला की मालक ट्रकमध्ये घालून पुढच्या पिकावर नेतो. एका जागी बारा महिने ठेवायची तर भोवती बारा महिने फुलोरा हवा, नाहीतर साखरपाणी पाजत बसा. शिवाय पेटीची देखभाल हे शिकून करायचं काम आहे. पुण्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे रीतसर प्रशिक्षण मिळतं. हौस असेल तर जरूर शिका. पण चार दुध्यांसाठी पेटी आणू नका.

तुम्हाला हव्यात त्या न पाळलेल्या माश्या. आग्या उंच टाकीला किंवा झाडाला लटकते आणि हंगामानुसार स्थलांतर करते, त्यामुळे दरवर्षी काही महिने ती तशीही गायब असते. फुलोरी माशी इवलीशी, झुडपात हाताएवढं एकच पोळं बांधते आणि सहसा कोणाच्या वाटेला जात नाही. तुळशीवर दिसते ती बहुतेक हीच. कुंपणाच्या मेंदीत किंवा बोगनवेलीत तिचं पोळं दिसलं तर माळ्याला त्या फांदीला कात्री लावू देऊ नका.

बडोद्याची_मुग्धा

भुंग्यासाठी मी बाल्कनीच्या कोपऱ्यात वाळलेल्या बांबूच्या नळ्या बांधून ठेवल्यात. काही नळ्यांची तोंडं पानाच्या तुकड्यांनी बंद झालेली दिसतात, म्हणजे पानं कापणाऱ्या माश्याही राहायला आल्या. लाकूड पोखरतो म्हणून लोक भुंग्याला मारतात, त्याच्याइतका वांग्याला उपयोगी कोणी नाही.

स्पष्टच_बोलतो

हेच मला म्हणायचं होतं. ब्रश फिरवणं म्हणजे रोगावर उपाय न करता मलमपट्टी. हिवाळ्यातला थोडा मुळा, मोहरी, कोथिंबीर, मेथी फुलावर जाऊ द्या, सगळं उपटून पराठे करू नका. एक शेवगा लावा. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायची घाई करू नका. एका उथळ ताटलीत खडे आणि पाणी. आणि जमिनीचा एक कोपरा उघडा सोडा, सगळीकडे पेव्हर ब्लॉक घातले तर जमिनीत घर करणाऱ्या माश्यांनी जायचं कुठे? स्वच्छतेत पहिला नंबर ठीक आहे, पण आपल्या कॉलन्यांमध्ये वाळकं पानही शिल्लक ठेवत नाहीत.

बडोद्याची_मुग्धा

अहो पण हे सगळं लागू पडायला वर्ष जाईल. तिची दुधी आज गळतेय. आज ब्रश, आणि शेवगाही आजच लावा. भांडण कशाला?

स्पष्टच_बोलतो

भांडण नाही. ब्रशने दुधी मिळाली की शेवगा कोणी लावत नाही, एवढंच म्हणतोय.

केतकी_राजेंद्रनगर

अपडेट देते. दुधी धरली! संध्याकाळी साडेसहा-सातला नर फूल लावलेल्या मादी फुलांपैकी बहुतेक टिकली आहेत, देठ जाड झालेत. भोपळाही धरलाय. पण गिलकीचं कोडं आहे. धरते, चांगली वीतभर होते आणि मग एका बाजूने तपकिरी होऊन सडते. पहाटेचं परागीभवन बरोबर झालं असताना असं का?

माळव्याची_काळी_माती

सडलेली एक उभी चिरा आणि आत बघा. बाहेर बारीक टोचल्यासारखा ठिपका, त्यातून डिंकासारखा थेंब आलेला आहे का?

केतकी_राजेंद्रनगर

आहे. आत पांढऱ्या अळ्या. ईऽऽ.

माळव्याची_काळी_माती

फळमाशी. ही मादी कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते, परागीभवनाशी काही संबंध नाही. न धरलेलं फळ लहानपणीच टोकाकडून सुकतं आणि आतून स्वच्छ असतं. फळमाशीचं फळ वाढतं, मग टोचल्या जागेपासून सडतं. हे दोन्ही लोक एकाच खात्यात मांडतात आणि मधमाशीच्या नावाने ओरडतात.

फळ धरल्याची खात्री झाली की त्यावर वर्तमानपत्राची किंवा पातळ कापडाची पिशवी चढवा, देठाशी सैल बांधा. परागीभवनाच्या आधी नाही. क्यू-ल्युअरचा सापळा छावणीत बी-बियाण्यांच्या दुकानात मिळेल. त्यात नर माश्या अडकतात, त्यामुळे एकट्या सापळ्यावर विसंबू नका. सडकी फळं वेलीखाली पडू देऊ नका आणि कंपोस्टमध्येही टाकू नका, अळी मातीत शिरून कोष करते. पिशवीत बांधून उन्हात ठेवा.

निपानियाची_वेल

दोन शंका. युट्यूबवर ते थ्रीजी कटिंग दाखवतात त्याने खरंच मादी फुलं वाढतात का? आणि माझ्या दुधीला नुसती पानं नि नर फुलं आहेत, शेणखत भरपूर घातलंय, मधूनमधून युरियाही.

माळव्याची_काळी_माती

युरिया बंद करा, तुमचं उत्तर तिथेच आहे. नत्र जास्त झालं की वेल पसरते, फळाकडे वळत नाही. कुजलेलं कंपोस्ट घाला. इंदुरात राहून कंपोस्टसाठी लांब बघायला नको. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू केली, आज कृषी महाविद्यालय आहे तीच जागा, आणि तिथे बसवलेली थर लावून कंपोस्ट करायची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. हॉवर्डसाहेबांच्या गावात युरियाच्या पिशव्या, असो.

थ्रीजी हे नाव नवं, शेंडा खुडणं जुनंच. दुधीच्या मुख्य दांड्यावर नर फुलं जास्त, फुटव्यांवर मादी फुलांचं प्रमाण वाढतं. मुख्य दांडा मांडवाला पोहोचला की शेंडा खुडा, त्याला आलेल्या फुटव्यांचे शेंडेही थोडे वाढल्यावर खुडा. दुधीला फरक दिसतो. काकडीच्या सगळ्या जातींना हे लावू नका, काहींना मुख्य दांड्यावरच फळ येतं. उन्हाळ्यातल्या लांब दिवसांत नर फुलं जास्त येणारच, तेवढं धरून चला.

देवासचा_शेतकरी

बराच उशिरा येतोय, पाऊस सुरू झाल्यावर. धागा वर काढतो कारण पावसाळ्याचं कोणी लिहिलेलं नाही. भिजलेल्या परागांचा उपयोग नाही. रात्री पाऊस येणार असं वाटलं तर उद्या उमलणाऱ्या भोपळ्याच्या नर कळ्या आदल्या संध्याकाळीच देठासकट तोडून घरात पाण्याच्या पेल्यात ठेवा, सकाळी घरातच उमलतात. मादी कळीवर कागदाचा शंकू उपडा ठेवा. पावसाची उघडीप मिळाली की लावून टाका आणि शंकू पुन्हा ठेवा.

केतकी_राजेंद्रनगर

हे फारच कामाचं. माझा पुढचा प्रश्न पावसाळ्याचाच आहे. चोरलच्या बाजूहून कोणीतरी ककोड्याचे (करटोलीचे) कंद दिले होते. तीन वेल आलेत, पिवळी फुलं येतायत, पण सगळ्या फुलांच्या मागे बारीक काटेरी फळ आहे. म्हणजे सगळ्या मादी? नर फूल एकही नाही.

देवासचा_शेतकरी

हो, सगळ्या मादी. ककोड्यात नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी, परवलचंही तसंच. कंद बघून ओळखता येत नाही, फूल आल्यावरच कळतं. शेतात आम्ही साधारण दहा मादी वेलींमागे एक नर ठेवतो. बाजारात विकायला नर वेलीचा काही उपयोग नाही म्हणून नवखे लोक ती उपटून टाकतात आणि मग वेलभर फुलं असून ककोडा एक नाही.

निशाचर

ककोडाही माझ्या खात्यातला, संध्याकाळी उमलतो आणि वासही येतो.

माळव्याची_काळी_माती

बरोबर. आणि परवलची फुलं रात्री उमलतात, लावायची पहाटे. सीताफळवाले कोणी असतील तर त्यांच्यासाठी जाता जाता : सीताफळाचं फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं. निसर्गात ते काम बारीक भुंगेरे करतात. फळ कमी धरत असेल तर पूर्ण उघडलेल्या फुलातले पराग ब्रशवर घेऊन अर्धवट उघडलेल्या फुलात घालतात. आपल्याकडे कुंपणाला सीताफळ असतंच, करून बघा.

केतकी_राजेंद्रनगर

नर ककोडा इंदुरात कोणाकडे आहे का? एखादा कंद मिळाला तर?

निपानियाची_वेल

माझ्याकडे उलटं आहे. दोन वेल, दोन्ही नर! उपटणारच होते.

देवासचा_शेतकरी

उपटू नका. आणि आत्ता कंदही खणू नका, वेल मरेल. पावसाळा संपून वेल सुकली की मग कंदांची अदलाबदल करा. या हंगामापुरतं असं करा : दुपारी चार-पाचला उद्या नव्हे, आज उमलणार अशा टपोऱ्या नर कळ्या देठासकट तोडायच्या, ओल्या रुमालावर झाकणाच्या डब्यात ठेवायच्या, पराग भिजता कामा नयेत. निपानियाहून राजेंद्रनगरला पोहोचेपर्यंत फुलं उमलायला लागतील. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात.

निपानियाची_वेल

माझे मिस्टर रोज संध्याकाळी त्याच बाजूने घरी येतात, पण उलट्या दिशेने 😀 शनिवारी मी स्वतः आणून देते. केतकी, व्यनि (खासगी निरोप) केलाय, पत्ता पाठव. बदल्यात पहिली भाजी माझी.

केतकी_राजेंद्रनगर

पाठवला. भाजी पक्की, आणि हंगाम संपला की एक मादी कंदही तुझा.